तणाचा वाफा

प्रवेश बघणाऱ्या मॅडमनी स्नेहलला सांगितलं, आता तासभर काहीच करायचं नाही. हिंड, बस, वाटल्यास झोप. मग हे कॉलेज तुला मानवेल की नाही, ते येऊन सांग. या लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश असाच ठरायचा. स्नेहलबरोबर दिंडोरीहून आलेल्या कुसाबाईआत्याला हे काही झेपलं नाही. तासभर रिकामं बसणं तिने जन्मात केलं नव्हतं.

स्नेहलला मात्र ते छान जमलं. शिरीषाच्या झाडाखालच्या दगडी ओट्यावर ती आडवी झाली. कॉलेजमागच्या धरणावरून गार वारा येत होता. पलीकडे कुणी बासरीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होतं. एक मुलगा पुस्तक तोंडावर घेऊन गाढ झोपला होता. श्रावणातलं ऊन तिच्या हातावर यायचं आणि जायचं.

घरी अशी तंद्री लागली की सगळे तिला हसायचे. वडिलांनी, वाल्मीकरावांनी, इंजिनिअरिंगची जागा बघून ठेवली होती. पुढे अंबडच्या कारखान्यात नोकरी, म्हणजे विषय मिटला. तिला इथेच राहावंसं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. ही मुलं रोजच अशी असतात, की आज पाहुणे आलेत म्हणून? विचार करता करता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आत्या पदर खोचून एका वाफ्यात बसली होती. वाफ्यात तण माजलेलं दिसलं, आणि माळ्याला मनातल्या मनात चार शिव्या देत तिने तो निंदून लख्ख केला होता. उपटलेल्या तणाचा ढीगही नीट कडेला रचला होता.

तेवढ्यात संजना नावाची तिथलीच एक विद्यार्थिनी धावत आली. ते तण तिने मुद्दाम लावलं होतं, उन्हाळाभर पाणी घालून जगवलं होतं. कुठल्या तणावर कुठली फुलपाखरं येतात, याचा तिचा अभ्यास चालला होता.

"काकू, काय केलंत हे?" एवढंच ती म्हणाली आणि तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडू लागली.

स्नेहल शरमेने अर्धमेली झाली. संपलं सगळं, आता आत्याला घेऊन गुपचूप बस गाठावी, असं तिला वाटलं. बासरी थांबली. झोपलेला मुलगा उठून आला, आणखी दोघी आल्या. आत्याला कुणी वेडंवाकडं बोललं नाही. ते संजनाजवळ नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने एकीने झारी भरून आणली.

आत्याने ढिगातलं एक रोप उचललं, त्याची मुळं चाचपली आणि बोटाने खड्डा करून ते परत लावलं. मग दुसरं. संजना डोळे पुसत पाणी घालू लागली. हळूहळू सगळेच खाली बसले. स्नेहलही बसली. जन्मभर तण उपटत आलेली आत्या त्या सगळ्यांच्या मध्ये बसून तण लावत होती, आणि स्नेहलला आपली झोप अजून उतरलीच नाही असं वाटत होतं.

मॅडम लांबून येताना दिसल्या. स्नेहल आत्याच्या जवळ सरकली.

"आत्या, मला इथंच राहायचंय," ती म्हणाली. "दादांना काय सांगायचं?"

आत्या रोपाभोवती माती दाबत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझ्या बापाला मी सांगते. एक पोरगी गवतासाठी रडली, पर कुनी हसलं नाय."