पेपरवरचं दुसरं नाव

परिचयाचा कागद प्रेमराजने अर्ध्यावरच दुमडला आणि माईक तोंडाजवळ ओढला. जळगावचं ते सभागृह केळीवाल्या शेतकऱ्यांनी खचाखच भरलेलं. मागे खुर्चीत डॉ. मेघा बसलेली. तिच्या खांद्यावर शाल पडायच्या आत तिला पाडायचं, हे तो धुळ्याहूनच ठरवून आला होता.

कागदावर होतं काय? सगळं तिचंच कौतुक. केळीच्या हरण्या रोगाचा विषाणू तिने पकडला. पहूर, भडगाव, मुक्ताईनगर, तिन्हीकडे तो एकच निघाला. म्हणजे रोग एकाच ठिकाणाहून विकत आणलेल्या रोपांतून शेतात शिरतो, हे तिने दाखवून दिलं. लावणीआधीच रोप तपासायची युक्ती तिने काढली. हजारो बागा उपटायच्या वाचल्या.

पहूरची पोरगी ही. पीएच.डी.ला त्याच्यानंतर दोन वर्षांनी आली. "भाऊ, हे मशीन कसं लावायचं?" म्हणून त्यालाच विचारायची. आता ती देशोदेशी भाषणं ठोकते आणि हा कॉलेजात शेवाळ शिकवतो. दर सोमवारी स्टाफरूममध्ये बसून तो एक आकडा बघायचा: तिच्या पहिल्या पेपरचा आधार जगात किती जणांनी घेतला. गेल्या सोमवारी अकराशे चौदा. त्या पेपरवर दुसरं नाव याचं होतं. त्याच्याच जोरावर नोकरी लागली, बढती मिळाली. पण लोक विचारायचे, "सर, तुम्ही मेघा मॅडमच्या हाताखाली होते ना?" हाताखाली! पोटात आग पडायला तेवढं पुरेसं होतं.

त्या आगीवर त्याच्याजवळ एकच औषध होतं. सतरा वर्षांपूर्वी गाईडसरांनी त्याला तीन गावांची रोगट पानं आणायला पाठवलं होतं. हा पठ्ठ्या भडगावला, सासुरवाडीच्या लग्नात, हळदीला नाचत राहिला. निघताना सासऱ्याच्या मळ्यातलं एक पान तोडलं, फाडून त्याचे तीन तुकडे केले, तीन पाकिटांत घातले आणि वर तीन गावांची नावं टाकली. पुढे त्यावर मेघाचा पेपर तयार झाला, सरांनी सही मागितली, याने उभ्या उभ्या करून दिली. तिन्ही गावांत एकच विषाणू! निघणारच. पान एकच होतं. म्हणजे हा सगळा डोलारा त्याच्या थापेवर उभा. ती टीव्हीवर दिसली की हा मनात म्हणायचा, बोल बाई, बोल. एका वाक्यात खाली आणीन.

आज ते वाक्य जिभेवर आलं होतं. नोकरी जाईल, तोंड काळं होईल, सगळं त्याला कळत होतं. जाऊ दे. पण ती शाल नको.

"मंडळी, यांचं संशोधन खोटं आहे. ती पानं तीन गावांची नव्हती. एकाच पानाचे तीन तुकडे होते. मीच फाडले होते!"

सभागृहात कालवा उठला. भडगावचे तोताराम आबा पहिल्या रांगेतून उठले. "हाऊ काय बोली ऱ्हायना रे? बठ्ठं खोटं शे? सगळं?"

"ओ सर, खाली बसा! पाणी द्या रे यांना," मागून कोणीतरी ओरडलं, आणि चार जण हसले.

प्रेमराजने मान वळवून तिच्याकडे बघितलं. सतरा वर्षं त्याने या क्षणाचा तिचा चेहरा मनात रंगवला होता. तो पांढराफटक पडायला हवा होता. ती उठली, माईकपाशी आली. ना चिडलेली, ना घाबरलेली. हिशेबात भलतंच उत्तर आलेल्या मास्तरणीसारखी गोंधळलेली.

"आबा, बसा. सर खरंच सांगताहेत," ती म्हणाली. "ते तुकडे मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर कडेला कड जुळली. फेकून दिले. मग मी एसटीने तिन्ही गावं फिरले, सत्तर शेतांतली पानं आणली. पेपर निघाला तो त्या पानांवर."

मग तिने माईकवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. पण सभागृह इतकं गप्प झालं होतं की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"भाऊ, तुम्हाला तोंडावर बोलायला मन धजेना, म्हणून हे सगळं पेपरातच लिहिलं. तुमची सही आहे त्यावर. तुम्ही तो कधी वाचलाच नाही?"