चोरखिसा

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तसा टेलरमास्तरांनी सदऱ्याला आतून एक चोरखिसा शिवला, मिठाच्या पुडीपुरता. पथ्य एकट्या मास्तरांचं होतं, पण त्यांना सोबत म्हणून बायकोही अळणीच जेवायची. ती पाणी आणायला आत गेली की मास्तर ताटावर पुडी सोडायचे आणि ती आली की मान वर न करता जेवायचे.

आज भाजी जेमतेमच होती. पाणी ठेवून ती त्यांच्याच ताटात जेवायला बसली. मास्तरांची पुडी तोवर भाजीवर सोडून झाली होती.

पहिला घास तिने सावकाश चावला.

“अहो, डॉक्टर म्हणाले ते खरं हो, जिभेला होते सवय! आज अळणी भाजीसुद्धा किती गोड लागतेय. आणि मी मेली इतके दिवस मनातल्या मनात तुमच्या पथ्याला नावं ठेवत होते.”