आईची जागा

भरतीचं पाणी आईच्या कबरीवरून गेलं. ओहोटी लागताच तेबाऊ फावडं घेऊन निघाला, तर धाकटा भाऊ इओआने आधीच तिथं खणत होता. जमिनीच्या वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं.

त्यांनी आईच्या अस्थी काढून चटईत गुंडाळल्या. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या त्या चिंचोळ्या बेटावर आता उंच म्हणावी अशी एकच जागा उरली होती, तेबाऊच्या घरामागची. भांडण त्या जागेवरूनच झालं होतं.

"तिथंच पुरू," तेबाऊ म्हणाला. "आणि तूही बायकोमुलांना घेऊन ये. तुझ्या घरात पाणी शिरलंय."

इओआनेनं चटईचं एक टोक उचललं.

"तिथं तरी किती वर्षं राहील ती, दादा?"

"माहीत नाही," तेबाऊ म्हणाला. "पण पुन्हा हलवायची वेळ आली, तर मला एकट्याला नाही जमणार."