थुकीतले पाय

नळीत भरलेली राणीची थुंकी महिन्यापूर्वी जनुक-तपासणीला गेली होती. तिचा अहवाल आज मोबाईलवर आला. शंभर मीटरच्या शर्यतीत राणी चौथीच येई. अहवाल म्हणत होता, तिचे पाय लांब पल्ल्याचे आहेत आणि हा गुण घराण्यातूनच आला आहे. यंदा कशात उतरायचं, ते आजच शाळेतल्या खेळाच्या सरांना कळवायचं होतं. माणदेशात मेंढरांमागं जन्म काढलेल्या तिच्या अर्जुना आज्याला भारी नवल वाटलं. "थुकीत पाय दिसत्यात व्हय गं?" कोकरू घेताना तो आधी त्याची आई चालवून बघायचा. राणीला ते आठवलं. तिनं आज्यालाच टेकडीवर नेलं. सत्तरीतला म्हातारा एका दमात माथ्यावर पोचला. "आवं आजा, ह्यो तुमचाच गुण हाय!" हसत तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. आजा बाटलीकडं बघत राहिला. "गुण कसला, पोरी? आमचं पाणीच लय लांब असायचं."