सुपारीचा वजीर

रविवारी कळव्याला माहेरी गेले, की बाळ झोपल्यावर मी आणि अण्णा पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं पटावर मांडायचो. माझ्या लग्नाच्या गडबडीत पांढरा वजीर हरवला, तेव्हापासून त्याच्या जागी सुपारी होती. त्या दिवशीचं उत्तर मला लगेच दिसलं. “अण्णा, वजीर देऊन टाका. त्यांच्या हत्तीने मारला, की आपल्या घोड्याने मात.” “सासरी जाऊन फार उधळी झालीस,” अण्णा हसले. “दुसरी चाल बघ ना.” “नाहीच. आटपा, बाळ उठेल. साधी सुपारी तर आहे,” म्हणत मीच ती हत्तीने मारून पटाबाहेर ठेवली. अण्णा हळूच म्हणाले, “तुझ्या कन्यादानाला भटजींनी माझ्या कमरेला खोचली होती ही. तुझ्या आईच्या जागी.” बाळ गाढ झोपलं होतं. सुपारी पदराला पुसून तिच्या घरात परत ठेवली. “राहू द्या, अण्णा. कोडंच चुकीचं छापलंय.”