फ्रिजमागची शिट्टी

"आधी नुसतं ऐकायचं, लाभू. रोजचा आवाज कुठला आणि नवा कुठला, एवढं कळलं की झालं. रोजचा असला तर राहू दे. नवा असला तर उद्यावर टाकू नकोस."

लाभूबा फ्रिजला कान लावून उभ्या होत्या आणि वल्लभदासांचे शब्द त्यांना आठवत होते. त्यांच्या यजमानांनी जन्मभर गोंडलच्या बाजारात फ्रिज दुरुस्त केले. शेवटी दवाखान्यातही ते हेच म्हणाले, आणि लाभूबांनी मान हलवून वचन दिलं. तेव्हापासून घरात पंखा कुरकुरला तरी त्या उद्यावर टाकत नसत.

आज रांधण छठ होती. उद्या सातम. सातमीला शेगडी पेटत नाही, छठीला रांधलेलं गारच जेवायचं. रात्री शीतळामाता चुलीत लोळायला येते, तिला चटका बसता कामा नये. या घरात आल्यापासून लाभूबांनी हे व्रत कधी मोडलं नव्हतं. उद्या लेक, जावई, नातवंडं जेवायला येणार होती. आणि दुपारपासून फ्रिज थांबतच नव्हता. दोन्ही कुशी तापल्या होत्या. त्याच्या घुमण्याच्या आत कुठेतरी एक बारीक शिट्टीही होती.

"दक्षा, ऐकलंस?"

सून ओट्याला कंबर टेकून थेपले लाटत होती. वडे झाले होते, पुऱ्या झाल्या होत्या, करटोल्याची भाजी झाली होती. "फ्रिजच असेल, बा," ती म्हणाली, आणि लाटणं तसंच ठेवून जरा थांबली.

"दमलीस?"

"थोडी."

"छठीला कोण दमत नाही." लाभूबांच्याही पायांत गोळे आले होते.

लाभूबांचा मुलगा विपुल बाहेर झोपाळ्यावर होता. "बा, महिनाभर तुला ती शिट्टी ऐकू येतेय," तो म्हणाला. "बापुजी जाताना तुझ्या कानातच दुकान थाटून गेले."

"थाटू दे. कानजीला बोलाव."

"आज? सणाचं?"

"उद्यावर टाकायचं नाही."

कानजी वल्लभदासांच्याच हाताखाली शिकलेला. तो आला तेव्हा दक्षा दही आणायला खाली डेअरीत गेली होती. त्यानं फ्रिजच्या कुशीवर तळहात ठेवला, मागे डोकावला, दार उघडलं आणि हसला.

"भाभी, भाजी वाफेसकट आत ठेवलीत?"

"मग बाहेर ठेवून आंबवू?"

"छठीला सगळं गाव हेच करतं. सकाळपासून माझा फोन खाली ठेवता येत नाही. आतली ऊब तो बाहेर टाकतोय, म्हणून कुशी तापल्यात. आता दार उघडू नका, गार झालं की आपोआप थांबेल. बिघाड नाही, काम जास्त पडलंय एवढंच."

"आणि शिट्टी?"

कानजीनं कान लावला. लाभूबांनीही लावला. नुसतं घुमणं.

"शिट्टी नाही, भाभी."

"आत्ता होती रे."

"मिस्त्रीला बघून पळाली," विपुल म्हणाला. कानजी पाणी पिऊन पुढच्या घरी गेला.

दक्षा जिना चढून वर आली. दह्याचं भांडं तिनं ओट्यावर ठेवलं, थोडा वेळ त्यालाच धरून उभी राहिली, मग लाटणं उचललं. लाभूबांनी मान वळवली. शिट्टी परत आली होती. पण आता उठायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्या स्टुलावर बसून राहिल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं. परातीत अजून अर्धं पीठ होतं.

मग फ्रिजनं एक हिसका दिला आणि तो थांबला.

स्वयंपाकघर एकदम शांत झालं. गार झालं सगळं, लाभूबांनी मनात हात जोडले.

शिट्टी चालूच होती.

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग सुनेच्या पाठीकडे. दक्षाचे खांदे वर जात होते, खाली येत होते, आणि खाली येताना दरवेळी ती बारीक शिट्टी वाजत होती.

"दक्षा."

"आलेच, बा. एवढे थेपले..." वाक्य मध्येच तुटलं. तिनं श्वास घेतला. "...झाले की."

"हे कधीपासून?"

"झाला असेल महिना. आडवं पडलं की जास्त वाटतं." ती लाटतच होती. "सातम होऊ दे, मग दाखवते डॉक्टरांना."

सातम होऊ दे. छातीत कळ आली तेव्हा वल्लभदासही हेच म्हणाले होते, त्याच ओट्याशी उभे राहून. दवाखान्यात त्यांनी वचन घेतलं, तेव्हा त्यांचा एक हात स्वतःच्या छातीवर होता. आणि लाभूबा इतकी वर्षं पंख्याला, मिक्सरला, फ्रिजला कान लावत आल्या होत्या.

त्या उठल्या. शेगडी बंद केली. पिठावर ताट झाकलं.

"बा, पीठ उरलंय. उद्या पेटवता नाही येणार. पाहुण्यांना कमी पडेल."

"पडू दे. चप्पल घाल."

ओल्या फडक्यानं त्यांनी शेगडी पुसून घेतली. "माते, तुझी चूल आज जरा लवकर गार केली," त्या हलकेच म्हणाल्या. मग सुनेचा हात धरून त्या जिना उतरू लागल्या, दर पायरीवर थांबून, ऐकत.