कातडीतला कोतवाल

"हे काय होय? वाळलेली फांदी?" पांढऱ्या शर्टातल्या माणसानं विचारलं.

भूमेश्वरीनं मॉडेल पुढं सरकवलं. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या विज्ञान प्रदर्शनात ती सकाळपासून आपल्या टेबलामागे उभी होती. नागपूरचे परीक्षक कधीही येतील, असं शकुंतला मॅडम सांगून गेल्या होत्या. एकच मॉडेल जिल्ह्याला जाणार होतं. मागच्या वर्षी परीक्षकांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नुसती रडली होती.

या माणसाच्या खिशाला पेन होतं, हातात वही.

"सर, ही डेंड्रिटिक पेशी. हिला फांद्या असतात ना, म्हणून मी झाडपेशी म्हणते. आपल्या झाडीपट्टीतलीच समजा."

तो हसला. झालं, भूमेश्वरीची गाडी सुटली. ही पेशी म्हणजे कातडीतला कोतवाल. गावभर फिरतो तसा फिरतो. जंतू सापडला की त्याचा तुकडा काखेतल्या गाठीत नेऊन दाखवतो. तिथले शिपाई तो ओळखून लढायला निघतात.

"आन् कोतवालानं खबर देऊन शिपाई उठलेच नाही तं?"

या प्रश्नासाठी तर तिनं आठवडाभर वाचलं होतं. "होतं सर तसंही. कुष्ठरोगाचा जंतू नसेत शिरून लपून बसतो. मग डाग पडतो, तिथं टोचलेलं कळत नाही."

माणूस वहीत लिहू लागला.

"मंग बोटं वाकडी होतेत?"

"लवकर गोळ्या घेतल्या तर नाही होत. फुकट मिळतात. माणूस पूर्ण बरा होतो."

"घरी लहान पोरगी असन, तं तिले उचलून घ्यावं का नाही?"

लागण कशी होते, तो प्रश्न. हाही येत होता. "घ्यावं की सर. गोळ्या सुरू झाल्या की लागण होत नाही. काऊन नाही घ्यायचं?"

तिनं जीभ चावली. 'काऊन' निसटलं होतं. पण सर स्वतःच गावच्यासारखे बोलत होते, तिला धीर यावा म्हणून. किती मोठं मन.

"दाखवावं कोठं लागते?"

"गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात."

त्यानं तेही लिहिलं. वही मिटली आणि चक्क हात जोडले. "बाई, लय चांगलं सांगतलंस. उपकार झाले."

तो गेल्यावर भूमेश्वरी शेजारच्या टेबलावरच्या आचलला म्हणाली, "नंबर नाही आला तरी चालन मले. कोणी एवढं ऐकून घेतलं, तेच लय झालं."

"ऐकून घेतलं का अडकला होता बिचारा?" आचल म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल लागला. तिचं नाव नव्हतं.

ती मॅडमकडे गेली. "मॅडम, सरांनी तर सगळं लिहून घेतलं होतं."

"कोण सर? परीक्षक तर बाई होत्या. दोनदा तुझ्या टेबलाशी येऊन गेल्या. तू त्या मंडपवाल्या मुन्नालालशी बोलून राहिली होतीस, पाहिलंही नाहीस त्यांच्याकडे."

"मंडपवाला?"

"तर काय. खुर्च्या मोजायला आला होता," मॅडम वैतागून म्हणाल्या, "आणि अर्ध्या मोजून, मंडप तसाच टाकून, गोंदियाच्या बसमध्ये बसून निघून गेला."